संहिता एक, रंगमंच अनेक : ‘डूम’च्या मॉडचा पाठेतिहास

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ टिकत असे तो नकलांमधून, आणि नक्कल म्हटली की पाठभेद आलाच. कोठे लेखकाचा हात चुकला, कोठे एखाद्या रसिकाने आपली ओवी मध्येच घातली, कोठे जुना शब्द कळेनासा झाला म्हणून नवा बसवला. ह्या गोष्टी साहित्याच्या अभ्यासकाला नव्या नाहीत. त्याच अभ्यासकासमोर संगणकावरील खेळांचा विषय काढला तर मात्र त्याच्या कपाळाला आठी पडते. ती आठी थोडा वेळ बाजूला ठेवावी अशी आमची विनंती आहे. ‘डूम’ ह्या खेळाभोवती गेल्या तीस वर्षांत जमलेला मॉडचा संभार पाहताना आम्हांला पाठचिकित्सेतील जुनेच प्रश्न नव्या वेषात भेटत गेले. संहिता कोणाची? तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणाला? आणि ज्या यंत्रासाठी ती लिहिली ते यंत्रच नाहीसे झाल्यावर ती वाचायची कशी?

मॉड म्हणजे तयार खेळात खेळणाऱ्याने केलेला फेरफार. नवी दालने, नवी चित्रे, नवे आवाज, क्वचित नवे नियमसुद्धा. हा फेरफार एकाच यंत्रावर चालला की हौस भागते. पण तोच मॉड टेबलावरच्या संगणकावर चालावा, आणि बसमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवरही चालावा, असे म्हटले की कर्त्याला लिहिण्याआधीच एक निवड करावी लागते : आपण कोणत्या भाषेत लिहायचे? येथे ‘भाषा’ हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून वापरत नाही, हे पुढे दिसेलच.

आरंभ ‘डूम’च्याही आधीचा आहे. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअर ह्या छोट्या कंपनीने १९९२ साली ‘वुल्फेनस्टाइन थ्री-डी’ हा खेळ काढला. हौशी लोकांनी त्याच्या फायली उकलून आपली चित्रे त्यांत घातली. ह्या पद्धतीत एक मोठी खोट होती. नवे घालायचे तर जुने पुसावे लागे. मूळ पोथी खरवडून तिच्यावरच लिहिण्यासारखा तो प्रकार होता. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक ह्याला ह्या उद्योगाचा राग आला नाही, उलट कौतुक वाटले. पुढचा खेळ रचताना त्याने प्रोग्राम आणि सामग्री ह्यांची फारकत केली. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाहेर आला तेव्हा प्रोग्राम एका फायलीत होता, आणि नकाशे, चित्रे, ध्वनी, संगीत असे सारे दुसऱ्या एका फायलीत. ह्या दुसऱ्या प्रकारच्या फायलीला ‘वॅड’ म्हणतात. प्रोग्रामला पुढे ‘इंजिन’ हे नाव रूढ झाले. मराठी नाट्यसमीक्षेतील संज्ञा वापरायच्या तर वॅड ही संहिता आणि इंजिन हा रंगमंच, नटसंच आणि तालीममास्तर ह्यांचा मेळ.

वॅडची रचना सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यातच पुढचा सगळा इतिहास दडलेला आहे. फायलीच्या आरंभी बारा बाइटांचे शीर्षक. त्यातील पहिली चार अक्षरे फाइल मूळ आहे की पुरवणी, हे सांगतात : मूळ असेल तर ‘आयवॅड’, पुरवणी असेल तर ‘पीवॅड’. मग अनुक्रमणिका आणि तीत प्रत्येक घटकाचे नाव, लांबी आणि ठिकाण. घटकाला ‘लम्प’ म्हणतात आणि त्याचे नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचे. इंजिन सुरू होताना आधी मूळ फाइल वाचते, मग पुरवण्या, आणि सर्वांची मिळून एक लांबलचक यादी करते. एखादा घटक हवा असला की ही यादी ते शेवटाकडून आरंभाकडे धुंडाळते. म्हणजे त्याच नावाचा घटक पुरवणीत असेल तर तो आधी सापडतो आणि मूळ घटक जागेवर असूनही झाकला जातो. मूळ प्रत अखंड राहते, पाठ मात्र बदलतो. संपादित आवृत्तीत वरती स्वीकृत पाठ आणि खाली तळटीपांत बाकीचे, अशी जी सोय आपण करतो, तीच येथे यादी उलटी वाचण्याच्या एका साध्या नियमाने साधली आहे. आम्हांला ह्या एका नियमाचे कौतुक कारमॅकच्या साऱ्या गाजलेल्या गणितापेक्षा अधिक वाटते.

आणखी एक योगायोग. ‘डूम’ विकला गेला डॉसवर चालणाऱ्या साध्या संगणकांसाठी. पण तो लिहिला गेला नेक्स्ट कंपनीच्या यंत्रांवर. ह्या दोन जातींच्या यंत्रांत अंक मांडण्याचा क्रम उलटसुलट होता. एकात मोठ्या वजनाचा बाइट आधी, दुसऱ्यात लहान वजनाचा. त्यामुळे वॅडमधील प्रत्येक अंक वाचताना, गरज पडल्यास तो उलटा करून घेण्याची तरतूद पहिल्या दिवसापासून प्रोग्रामात होती. पुढे अनेक यंत्रांवर नांदायचे ह्याचे बीज असे जन्माच्या वेळीच, गरजेपोटी, पडले.

१९९४ च्या आरंभीच हौशी मंडळींनी नकाशे रचण्याची स्वतःची साधने तयार केली. कंपनीने ती दिली नव्हती. त्याच वर्षी ‘एलियन्स’ ह्या चित्रपटावर आधारलेला, खेळाचे सगळे रूप पालटून टाकणारा मॉड आला. त्याच वर्षी ‘डीहॅकएड’ हे साधनही आले आणि येथे गोष्ट थोडी गुंतागुंतीची होते. राक्षसाची ताकद, बंदुकीचा वेग, पडद्यावर येणारी वाक्ये ह्या गोष्टी वॅडमध्ये नव्हत्या. त्या थेट प्रोग्रामात कोरलेल्या होत्या. डीहॅकएडने प्रोग्रामच्याच फायलीत हात घातला. नवे वाक्य बसवायचे तर ते जुन्या वाक्यासाठी असलेल्या जागेत मावलेच पाहिजे. एखादे अक्षर जास्त झाले की वाक्य कापा, दुसरा शब्द शोधा. मात्रांचा हिशोब बोटांवर करणाऱ्या आमच्या वृत्तबद्ध कवींना ही अडचण ताबडतोब कळेल. पण ह्या फेरफाराने मॉड प्रोग्रामच्या एका विशिष्ट आवृत्तीला, एका विशिष्ट यंत्राला बांधला गेला. वॅड संहिता होती तर डीहॅकएड म्हणजे रंगमंचाच्या फळ्यांवर केलेले खोदकाम. फळ्या उचलून दुसऱ्या गावी नेल्या तरच ते खोदकाम तिकडे दिसणार.

ह्या काळातील आमच्या आवडीची वस्तू मात्र ना नकाशा आहे ना चित्र. प्रत्येक मॉडसोबत एक लहानशी मजकुराची फाइल देण्याची प्रथा पडली. तिचा साचा ठरलेला असे : शीर्षक, कर्ता, वर्णन, ऋणनिर्देश, मूळ नकाशा कोरा होता की कोणाच्या नकाशावरून घेतला, कोणती साधने वापरली, ज्ञात दोष कोणते. शेवटी परवानगीची ओळ : इतर कर्त्यांनी ह्या नकाशाच्या आधारे नवा नकाशा रचावा, किंवा रचू नये. दोहोंपैकी एक शब्द ठेवायचा, दुसरा खोडायचा. पोथीच्या शेवटी येणारी पुष्पिका जिने चाळली आहे अशा विद्यार्थिनीला ह्यात अनोळखी काही वाटणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ह्यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे शेवटी बजावले, तेही परवानगीच्या ओळीचेच उदाहरण. फरक एवढाच, की एकनाथ दुसऱ्याच्या ग्रंथाचे रक्षण करत होते आणि आपला एकोणीस वर्षांचा अमेरिकन कर्ता दुसऱ्याच्या खेळावर उभारलेल्या स्वतःच्या दालनाचे. दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहून खोलीला कुलूप लावण्याचा हा आग्रह प्रथमदर्शनी गमतीचा वाटतो. पण विचार केल्यास तो न्याय्य आहे. खोली खरोखर त्याने बांधलेली असते.

दुसरे पर्व सुरू होते २३ डिसेंबर १९९७ रोजी. त्या दिवशी कारमॅकने ‘डूम’चा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. खुली झालेली प्रत लिनक्सची होती. डॉसची देता येईना, कारण तिच्यातील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. सोबतच्या निवेदनात ह्या चुकीची कबुली होती, विंडोजसाठी केलेल्या प्रतीचे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही असेही प्रांजळपणे म्हटले होते, आणि प्रकल्प काही वर्षे तसाच पडून राहिला की कुजतो असे एक निरीक्षणही होते. चार वर्षांत! आमच्याकडे चारशे वर्षांची हस्तलिखिते कसरीच्या तावडीतून वाचतात आणि जगातील सर्वांत गाजलेल्या खेळाची एक अधिकृत प्रत चार वर्षांत हरवते, ह्याकडे डिजिटल जतनाचे गोडवे गाणाऱ्यांनी जरा लक्ष द्यावे. हाती आलेल्या सामग्रीचे काय करता येईल ह्याच्या सूचनांत पहिलीच सूचना होती, हा खेळ आपल्या आवडत्या प्रणालीवर न्यावा. १९९९ मध्ये परवाना बदलून तो जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आला, आणि ज्याला जमेल त्याने त्याला जमेल तेथे तो नेला.

नेताना काय काय मोडले त्याचा एकच नमुना देतो. भिंतींवरील चित्रांची यादी वाचण्यासाठी प्रोग्रामात जो आराखडा होता त्यात स्मृतीतील पत्त्यासाठी एक खण ठेवलेला होता. तो खण कधीच वापरातून गेलेला होता, पण मोजमापात धरलेला होता. बत्तीस बिटांच्या यंत्रावर पत्ता चार बाइटांचा, म्हणून सारे जुळत होते. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पत्ता आठ बाइटांचा झाला, तो रिकामा खण फुगला, आणि त्याच्या पुढचे सगळे वाचन जागेवरून सरकले. फायलीत एका अक्षराचाही बदल नव्हता, बदलला होता वाचणारा. युनिकोडपूर्वीच्या दिवसांत एका फाँटात टंकलेला मराठी लेख दुसऱ्या संगणकावर उघडून ज्यांनी अर्थहीन चिन्हांचा सडा पाहिला आहे, त्यांना ही व्यथा समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रामाण्याचा प्रश्न. नवी इंजिने निघाली : बूम, झेडडूम, पीआरबूम. त्यांनी जुन्या मर्यादा उठवल्या. मूळ खेळात एका दृश्यात जमीन आणि छत ह्यांचे १२८ हून अधिक तुकडे झाले की खेळ बंद पडत असे. ती अडचण गेली. डीहॅकएडचे खोदकामही आता फळ्यांवरून उतरवून मजकुराच्या रूपात वॅडमध्येच ठेवता येऊ लागले आणि इंजिन ते वाचून तसे वागू लागले. ही फार मोठी सुधारणा होती. पण सुधारणा म्हटली की मूळ वर्तनात बदल आला, आणि बदल झाला की नाही हे पाहण्याची एक निष्ठुर कसोटी ह्या खेळातच होती.

ती कसोटी म्हणजे ‘डेमो’. खेळलेला डाव नोंदवून ठेवण्याची सोय ‘डूम’मध्ये आहे. ह्या नोंदीत चित्र नसते, राक्षस कोठे होते तेही नसते. सेकंदाला पस्तीस वेळा खेळाडूने काय केले, पुढे गेला की मागे, बाजूला सरकला का, किती वळला, कोणती कळ दाबली, एवढेच चार बाइटांत लिहिलेले असते. मिनिटाला ८,४०० बाइट, बस्स. उरलेले सारे इंजिनाने पुन्हा घडवायचे. यदृच्छेसाठीदेखील २५६ अंकांचे एक ठरीव कोष्टक आहे, तेव्हा दैवसुद्धा प्रत्येक वेळी त्याच क्रमाने फासे टाकते. अपूर्णांकांचा हिशोब पूर्णांकांतच केलेला, बत्तीसपैकी सोळा बिट पूर्ण भागाला आणि सोळा अपूर्णांकाला. हे केले होते त्या काळच्या संथ यंत्रांना झेपावे म्हणून, पण त्यामुळे वेगवेगळ्या जातींच्या यंत्रांवर उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच येते. मात्र इंजिनाने एखादी जुनी चूक दुरुस्त केली, राक्षस एका पावलाने वेगळा वळला, की नोंदीतील खेळाडू भिंतीवर डोके आपटत राहतो आणि नसलेल्या शत्रूवर गोळ्या झाडतो. पाहायला हे करुणही आहे आणि हास्यास्पदही. सहनट बदललेला आहे हे न कळता जुन्या तालमीबरहुकूम संवाद म्हणत राहिलेला नट डोळ्यांसमोर आणावा.

ह्यातून जे शास्त्र उभे राहिले ते आमच्या मते पाठचिकित्सेचेच भावंड आहे. २००५ च्या सुमारास ‘चॉकलेट डूम’ हे इंजिन आले. त्याचे ब्रीद होते, मूळ खेळाच्या चुकांसकट तो तंतोतंत जपणे. दुसरीकडे पीआरबूमच्या परंपरेने ‘सुसंगततेच्या पातळ्या’ ठरवल्या. मॉडच्या कर्त्याने सांगायचे, की माझा मॉड मूळ १.९ आवृत्तीच्या भाषेत आहे, बूमच्या भाषेत आहे, किंवा २०२१ मध्ये आखलेल्या ‘एमबीएफ २१’ ह्या भाषेत. इंजिनाने त्या पातळीवर उतरून, त्या काळच्या चुका मुद्दाम करत, तो चालवायचा. येथे आम्ही आरंभी म्हटलेली निवड येते. मूळ भाषेत लिहिलेला मॉड जवळजवळ कोठेही चालतो, पण त्याचे शब्दभांडार तोकडे. झेडडूमच्या परंपरेतील भाषेत काहीही म्हणता येते : उतार, संवाद, नव्या कळा, पूर्ण स्वतंत्र नियम. पण ते म्हणणे ऐकू शकणारे इंजिन एकाच घराण्याचे. प्रमाण भाषा आणि बोली ह्यांच्या वादात आपण आजवर जेवढी शाई खर्च केली तिच्यातील बरीच येथे जशीच्या तशी उपयोगी पडावी.

मोबाइलने ह्या निवडीला शरीर दिले. २००९ मध्ये कारमॅकने स्वतः ‘डूम’ आयफोनवर आणला, तोही हौशी मंडळींनी घडवलेल्या पीआरबूमच्या आधाराने. शिष्यांनी शोधलेली प्रत गुरूने वापरावी तसे हे झाले. अडचण संगणनाच्या शक्तीची नव्हतीच. ३२० × २०० ठिपक्यांचे चित्र रंगवणे त्या फोनला अवघड नव्हते. अडचण होती अंगठ्यांची. कळफलक नाही, आणि ज्या काचेवर पाहायचे तिच्यावरच बोटे ठेवायची. येथे जुन्या खेळाचे दारिद्र्य कामी आले. मूळ ‘डूम’मध्ये उडी नाही, वाकणे नाही, वर-खाली पाहणे नाही. शत्रू उंचावर असला तरी नेम आपोआप वर लागतो. क्रियापदेच मोजकी : चालणे, वळणे, झाडणे, दार उघडणे, शस्त्र बदलणे. ती काचेवर मावतात. ज्या मॉडने उडी, बंदूक भरणे, दिवा लावणे अशी नवी क्रियापदे आणली, त्याच्यासाठी मोबाइलवर बटणांची गर्दी होते आणि दृश्य त्यांच्याखाली झाकते. दोन्हीकडे चालणारा मॉड रचू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी क्रियापदांची मोजदाद करावी, चित्रांची नंतर.

दुकानांचा अडसर वेगळा. अॅपलच्या दुकानाच्या अटी आणि जीपीएल परवाना ह्यांचे जमत नाही, हे जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी हा प्रसिद्ध वादक तेथून काढला गेला तेव्हा जगजाहीर झाले. आणि ‘डूम’ची बहुतेक इंजिने त्याच परवान्याखाली आहेत. शिवाय प्रोग्राम मुक्त झाला तरी मूळ वॅड आजही विकत घ्यावी लागते. त्यावर उपाय म्हणून ‘फ्रीडूम’ ह्या प्रकल्पाने सर्व चित्रे, ध्वनी आणि नकाशे नव्याने रचून, मूळ घटकांचीच नावे देऊन, एक मुक्त आयवॅड तयार केली. आठ अक्षरांची तीच नावे, अर्थ मात्र सगळे नवे.

येथे मराठी वाचकाला एक प्रश्न सुचणे साहजिक आहे. ह्या संहितेत देवनागरी लिहिता येते का? मूळ खेळात पडद्यावरील प्रत्येक अक्षर म्हणजे वॅडमधील एक स्वतंत्र चित्र, आणि ही चित्रे प्रामुख्याने रोमन मोठ्या लिपीची, अंकांची आणि विरामचिन्हांची आहेत. इंजिन ती एकापुढे एक मांडत जाते. मागे येणारी वेलांटी, डोक्यावरचा रफार, पोटात शिरणारे जोडाक्षर ह्यांची त्याला कल्पना नाही. कोणाला मराठी मॉड करायचाच असेल तर अख्खी वाक्येच चित्रे म्हणून रंगवावी लागतील, शिळाप्रेसवर पाने काढत तशी. नकाशांची नावे मुळातच चित्ररूपात असल्याने ती सुखाने मराठीत होतील. खेळाच्या ओघात येणाऱ्या सूचना अडतील. खिळे जुळवणाऱ्यांनी जे काम शंभर वर्षे केले, ते येथे पुन्हा आरंभापासून करावे लागेल.

पुष्पिकेची गोष्ट अपुरी राहिली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘डूम’ आणि ‘डूम २’ ह्यांची नवी एकत्रित आवृत्ती संगणक आणि कन्सोल ह्यांच्यासाठी निघाली. बूमची भाषा तिला कळते, आणि खेळाच्या आतूनच मॉड उतरवून घेण्याची आणि चढवण्याची सोय तीत आहे. पहिल्या काही दिवसांतच इतरांचे गाजलेले मॉड भलत्यांनीच चढवल्याच्या, मूळ कर्त्याचे नाव नसल्याच्या तक्रारी झाल्या. वॅड दुसऱ्या रंगमंचावर विनासायास पोहोचली होती. तिच्यासोबत तीस वर्षे चाललेली ती मजकुराची फाइल, कर्ता, ऋणनिर्देश, परवानगीची ओळ, मागे राहिली. सर्वत्र चालण्याचा प्रश्न तंत्राने सोडवला आणि पुष्पिकेचा प्रश्न नव्याने उभा राहिला. तो सोडवायला पूर्णांकांचे गणित पुरणार नाही.

भाषेच्या निवडीबद्दल आम्हांला सर्वांत विलक्षण वाटलेले उदाहरण २०२३ मधील ‘मायहाउस’ हे होय. मृत मित्राने रचलेला एका घराचा जुना नकाशा आपण पुरा केला, अशी त्याच्या कर्त्याची कथनी. ती कथनी, सोबतची दैनंदिनी आणि नकाशा मिळून एकच काल्पनिका होते. मार्क डॅनियलेव्स्कीच्या ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ (२०००) ह्या कादंबरीचे ऋण तिच्यावर उघड आहे. तिच्यातील घर खेळता खेळता बदलते, वाढते, परत येण्याची वाट गिळते. हे म्हणायला झेडडूम घराण्याचीच भाषा हवी. पण कर्त्याने गाठोड्यात दोन फायली दिल्या. एक त्या भाषेतील, आणि दुसरी साधी वॅड, जुन्या धाटणीच्या इंजिनांसाठी. ही दुसरी फाइल उघडली की एक नीटनेटके घर दिसते : पायऱ्या, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या, दहा मिनिटांत संपणारे. दारे उघडतात आणि पलीकडे असायला हवी तीच खोली असते.